आधी दूर्वा लावा, मग पेव्हर ब्लॉकचं बघू

काल रात्री साडेदहाला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच फोटो पडला. बी विंगच्या मागचं अंगण, गेल्या पावसाळ्यातलं. नुसता चिखल, त्यात कुत्र्यांच्या पायांचे ठसे आणि कोपऱ्यात लॉनची पिवळी पडलेली दोन-चार ठिगळं. खाली एक ओळ: "यंदा तरी पाऊस यायच्या आत पेव्हर ब्लॉक टाकून घ्या. कुत्र्यांपुढे काही टिकत नाही."

सकाळपर्यंत त्यावर पंचवीसएक अंगठे आले होते. येत्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा आहे आणि अजेंड्यावर हाच एक विषय. उरलेल्या मातीवर पेव्हर टाकायचे की नाही.

मी टिटवाळ्यात चौदा वर्षं राहते. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीतून इथे आले ती दोन कारणांनी. एक, परवडत होतं. दुसरं, खिडकीतून भाताची खाचरं दिसायची आणि पहिल्या पावसाचा मातीचा वास घरात यायचा. ती खाचरं गेली, तिथे टॉवर आले. ठीक आहे, मीसुद्धा अशाच एका इमारतीत राहते, तक्रार कुठल्या तोंडाने करू? पण सोसायटीच्या कुंपणाच्या आत जी थोडीफार माती उरली आहे तीही आपणच ठराव करून गाडणार असू, तर त्याआधी दोन गोष्टी बोलायला हव्यात. ग्रुपवर एवढं मोठं कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितेय. आणि हा प्रश्न एकट्या आमच्या सोसायटीचा नाही. मांड्यापासून स्टेशनच्या पलीकडेपर्यंत ज्या सोसायटीत जाल तिथे हेच रडगाणं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कुत्र्यांपुढे काही टिकत नाही, हे खरं नाही. आपण जे लावलं ते टिकणारं नव्हतं.

आधी काय लावलं ते आठवून बघा. दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने बिल्डरच्या राडारोड्यावर दोन बोटं लाल माती पसरली आणि वर सतरंजीसारखी गुंडाळून आणलेली नाजूक लॉन अंथरली. निम्मं अंगण इमारतीच्या सावलीत. पहिल्या आठवड्यात फोटो काढले, फेसबुकवर टाकले, मीपण टाकले. दीड महिन्यात लॉन मेली. खापर कुणावर? राणी आणि काळूवर.

राणी आणि काळू म्हणजे आमच्या अंगणातली दोन कुत्री. काळूचं नाव नदीवरून. एका पावसाळ्यात रुंद्याचा पूल पाण्याखाली गेला होता त्या दिवशी हे पिल्लू भिजत गेटवर आलं आणि वॉचमनकाकांनी नाव ठेवून टाकलं. दोघांच्याही कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली आहे. लसही दरवर्षी दिली जाते. शिवाय तिन्ही विंग मिळून पाळलेली दहा-बारा कुत्री. म्हणजे रोज चौदाएक कुत्री त्या अंगणात पाय ठेवतात. आता हे अंगण फक्त माणसांचं आहे असं धरून झाडं निवडली तर ती मरणारच की.

मग टिकतं काय?

उत्तर आपल्याला मंगळवारी देवळात जाताना दोन्ही बाजूंनी दिसतं. मावश्या जुड्या बांधून विकायला बसलेल्या असतात. दूर्वा. शेतकऱ्याला विचारा, तो तिला हरळी म्हणेल आणि वर दोन शिव्या घालेल, कारण कितीही खणून काढली तरी ती परत येते. जमिनीवरून धावणारी खोडं आणि जमिनीखालून धावणारी खोडं अशी तिची दुहेरी तयारी असते. वरचं सगळं तुडवलं गेलं तरी खालून नवा कोंब येतो. जगभरात फुटबॉल, क्रिकेट आणि गोल्फच्या उष्ण हवेतल्या मैदानांवर हिच्याच जाती लावतात. खिळ्यांच्या बुटांखाली जी टिकते ती राणीच्या नखांखाली टिकणार नाही होय?

आपण महागणपतीच्या गावात राहतो. देवाला एकवीस दूर्वांची जुडी वाहतो आणि अंगणात मात्र परदेशी नावाची गुंडाळी आणून अंथरतो. देवाला काय वाटत असेल कोण जाणे, माळ्याला मात्र दरवर्षी नवं काम मिळतं.

दूर्वेच्या मर्यादाही सांगते, नाहीतर पुढच्या वर्षी माझाच फोटो ग्रुपवर पडेल. तिला ऊन लागतं, दिवसाचे निदान सहा तास. टॉवरच्या सावलीत ती विरळ होते आणि मरते. उन्हाळ्यात पाणी मिळालं नाही तर तपकिरी पडते, पण तेव्हा ती झोपलेली असते, मेलेली नसते. पहिल्या पावसात उठते. टँकरच्या दिवसांत हा गुण फार मोठा आहे. आणि वेळेवर कापावी लागते, तीन-चार सेंटिमीटरवर.

लावायची कशी? आपल्याकडे त्यासाठी जूनसारखा महिना नाही. राडारोडा वीतभर खणून काढायचा, माती आणि कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळून भरायची. दूर्वेच्या काड्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून चार-सहा बोटांच्या अंतरावर खोचायचे. पावसात सहा ते आठ आठवड्यांत जमीन झाकली जाते. पण या काळात कुत्री तिथे अजिबात जाता कामा नयेत. बांबू आणि हिरवी जाळी लावून अर्धं अंगण बंद करा, अर्धं उघडं ठेवा. ते धरलं की दुसरं अर्धं करा. सगळं एकाच वेळी करायला गेलो की कुत्र्यांना जागा राहत नाही आणि ती जाळीच फाडतात. हा धडा आम्ही पैसे भरून शिकलो आहोत.

सावलीच्या भागात दूर्वेचा हट्ट नको. तिथे नर्सरीत ज्याला शेड ग्रास म्हणतात ते रुंद पानांचं गवत लावा. ते दूर्वेइतकं चिवट नाही, पण कमी उन्हात तग धरतं. नळाजवळ, जिथे कायम ओल असते, तिथे मंडूकपर्णी पसरू द्या. बरेच जण तिला ब्राह्मी म्हणतात.

पाणी साचतं त्या पट्ट्यासाठी जलपिंपळी बघा. काही जण तिला रतोलिया म्हणतात. ओढ्याकाठी, खाचराच्या बांधावर ती आपोआप उगवते. पाण्यात राहते, उन्हात राहते, पाय पडला तरी राहते. छोटी पांढरट-जांभळी फुलं येतात आणि त्यावर मधमाश्या येतात, म्हणून मुलं अनवाणी खेळतात तिथे मात्र नको.

गटाराच्या कडेला वाळा आणि कर्दळ. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, चांगल्या मातीत दोन-तीन मीटरपर्यंत, आणि माती धरून ठेवतात. कर्दळीला ओल आवडते आणि कुत्र्यांना तिच्यापासून धोका नाही. जिथे पाय कमी पडतात, म्हणजे झाडांच्या बुंध्याभोवती, तिथे पिवळ्या फुलांचा शोभेचा भुईमूग. रोजच्या वाटेवर तो टिकत नाही, पण अधूनमधून कुणी बसलं-लोळलं तर सोसतो, आणि कडधान्याच्या कुळातला असल्यामुळे हवेतला नत्र मातीत आणतो.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हे सांगताना मला अजून त्रास होतो.

गेल्या वर्षी सी विंगमधलं एक लॅब्रेडॉर गेलं. जेमतेम दहा महिन्यांचं. आधी उलट्या, मग खाणं बंद, डोळे पिवळे, आणि चौथ्या दिवशी संपलं. पहिल्याच दिवशी सोसायटीत कुजबुज सुरू झाली की कुणीतरी विष घातलं. नावंसुद्धा घेतली गेली. राणी-काळूला पोळ्या घालणाऱ्या एका काकूंशी दोन घरं बोलेनाशी झाली, का तर म्हणे यांच्यामुळे कुत्र्यांचा राग कुणीतरी काढला. डॉक्टरांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला: कंपाउंडमध्ये झाडं कोणती आहेत?

गेटच्या दोन्ही बाजूंना आपणच हौसेने लावलेले सागो पाम होते. पिल्लू दात शिवशिवतात म्हणून त्याचा बुंधा आणि कोवळी पानं चघळत बसायचं. सागो पामचा प्रत्येक भाग कुत्र्यांना विषारी आहे, बी तर सर्वांत जास्त. यकृतावर घाव बसतो. विष कुणी घातलं नव्हतं. सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर करून आपण ते लावलं होतं, आणि त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होते.

तेव्हा पेव्हरचा ठराव पास करा की नापास करा, पण कुत्र्यांच्या अंगणातून ही झाडं आधी काढा:

सागो पाम. चर्चा नको.

कण्हेर, लाल-गुलाबी आणि पिवळी दोन्ही. हृदयावर परिणाम करते. पिवळीच्या बिट्ट्या मुलांच्याही हाताला लागतात, म्हणजे हा नुसता कुत्र्यांचा प्रश्न नाही.

एरंड आणि धोत्रा. हे कुणी लावत नाही, कुंपणाच्या कडेला आपोआप येतात. महिन्यातून एक फेरी मारून उपटायचे.

घाणेरी. हिचीच बुटकी, पिवळ्या फुलांची जात हल्ली जमीन झाकायला म्हणून विकतात. यकृताला वाईट.

रिओ, म्हणजे खालून जांभळी असलेली ती टोकदार पानं. पायवाटेच्या कडेला सगळीकडे असतात. तिच्या रसाने कुत्र्यांच्या पोटाला आणि पंजांना खाज सुटते, पुरळ येतं. आपण मात्र 'स्किन प्रॉब्लेम' म्हणून शाम्पू बदलत बसतो.

ऑफिस टाइमची फुलं. दिसायला गोड, पण कुत्र्यांनी भरपूर खाल्ली तर त्रास होतो. ती वर टांगलेल्या कुंडीत ठेवा. डायफेनबॅकिया आणि मनी प्लांटसुद्धा जमिनीवर नकोत.

आणि वेडेलिया. ही विषारी म्हणून नव्हे, उपद्रवी म्हणून नको. पिवळी फुलं, चकचकीत पानं, वाढायला काही लागत नाही, म्हणून ठेकेदाराची लाडकी. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी केली आहे. त्यात घाणेरी आहे आणि वेडेलियाही आहे. आपल्या कुंपणातून ती नाल्यात उतरते, नाला काळूला मिळतो, आणि पुढचं कुणाच्याच हातात राहत नाही.

झाडांइतकंच खताकडे लक्ष द्या. एरंडीची पेंड कुत्र्यांच्या अंगणात कधीही टाकू नका. तिच्या वासाने कुत्री ती खातात आणि त्यातून जीव जाऊ शकतो. हाडांचं खत टाकलं की ती उकरत बसतात. शेणखत किंवा घरचं कंपोस्ट वापरा, तेही चांगलं कुजलेलं. आणि उंदरांच्या गोळ्या उघड्यावर टाकणं बंद करा.

आता नेहमीचे आक्षेप. सगळे मी ऐकलेले आहेत, काही मी स्वतः घेतलेले आहेत.

"लघवीने गवत जळतं." जळतं. लघवीत नत्र आणि क्षार असतात. युरिया मूठभर एकाच जागी पडला तर पीक जळतं ना, तसंच. म्हणून मध्ये पिवळा डाग आणि भोवती गर्द हिरवं कडं दिसतं. मादीची लघवी जास्त जहाल असते हा गैरसमज आहे. मादी बसून एकाच जागी करते, नर खांबाला जरा जरा करत फिरतो, एवढाच फरक. उपाय पाण्याचा. लगेच एक तांब्याभर पाणी ओतलं की डाग पडत नाही. पावसाळ्यात पाऊसच ते काम करतो. बाकीचे आठ महिने पाळीव कुत्री घेऊन उतरणाऱ्या प्रत्येकाने एक बाटली पाणी आणि एक पिशवी हातात घेऊन उतरावं. होय, मी पाळीववाल्यांबद्दल बोलतेय. राणी-काळूला दोष देणं सोपं असतं, त्यांना ग्रुपवर उत्तर देता येत नाही.

"कुत्री उकरतात." का उकरतात ते मे महिन्यात दुपारी दोन वाजता खाली उतरून बघा. आपल्याकडे समुद्राचा वारा पोचेपर्यंत दमलेला असतो, कल्याण-बदलापूर पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते थंड मातीत खड्डा करून पोट टेकवून बसतं. पेव्हर टाकलेत तर ते तुमच्या गाडीखाली बसेल, जिन्यात बसेल, लिफ्टच्या दारात बसेल. त्यापेक्षा झाडाखालचा एक कोपरा वाळू-माती घालून त्यांच्यासाठी सोडा. उकरायला परवानगी असलेली जागा मिळाली की बाकीचं अंगण बरंचसं वाचतं.

"त्यांच्या धावण्याच्या वाटेवर काहीच उगवत नाही." बरोबर, आणि कधी उगवणारही नाही. कुंपणाच्या कडेकडेने आणि गेटपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत कुत्र्यांची वाट ठरलेली असते. जगातलं कुठलंही झाड रोज शंभर वेळा तुडवलेल्या दीड फुटांच्या पट्ट्यात वाढत नाही. तिथे लावायचा हट्टच करू नका. तेवढ्याच पट्ट्यावर मुरूम दाबून वर गोल, बारीक खडी टाका. आठवडाभर खिडकीत बसून कुत्री कुठून जातात, कुठे बसतात, कुठे पाय वर करतात हे कागदावर मांडा. मग झाडं ठरवा. नर्सरीतला कॅटलॉग त्यानंतर उघडा.

"गवत आलं की साप येतो, गोचीड येते." वाढलेल्या गवतात, अडगळीत आणि राडारोड्याच्या ढिगात येतो. घोणस, नाग, मण्यार हे आपल्या भागात आहेत आणि भीती खोटी नाही. पण साप उंदरामागे येतो आणि उंदीर उघड्या कचऱ्यामागे. तीन-चार सेंटिमीटरवर कापलेल्या दूर्वेत लपायला जागा नसते, सापालाही नाही आणि गोचिडीलाही फारशी नाही. कापायचं आणखी एक कारण: पावसाळा संपताना रानगवताची कुसळं धरतात. ती कुत्र्यांच्या पंजांत आणि कानांत घुसतात. ती धरायच्या आत गवत कापा.

"पेव्हर स्वच्छ राहतात, रोगराई नाही." इथे जरा थांबा. आपल्याकडे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाली जमीन भाताची, चिकण. पेव्हर दोन पावसाळ्यांत खचतात, खळगे पडतात, त्यात पाणी साचतं. लेप्टो उंदरांच्या, गुरांच्या, कुत्र्यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतो आणि पायाच्या साध्या जखमेतून शरीरात शिरतो. त्याला पाणी साचायला नको एवढंच बघायचं असतं. घट्ट दाबलेल्या पेव्हरवरचं पाणी मुरत नाही, ते गेटकडे धावतं, तिथून रस्त्यावर, आणि मग आपणच महापालिकेच्या नावाने पोस्ट टाकतो की रस्ता तुंबला. मुळांनी धरलेली माती थोडं तरी पाणी पिते. उघडा चिखलही नको आणि फरशीही नको. झाकलेली माती हवी.

आणि पेव्हरची एक साधी परीक्षा घ्या. भर दुपारी हाताची मागची बाजू सात सेकंद त्यावर टेकवून ठेवा. ठेवता आली नाही, तर कुत्र्याच्या पंजालाही तिथे उभं राहता येत नाही. रांगणाऱ्या बाळालाही नाही.

"मग कृत्रिम गवत टाका." तेही तापतं, पेव्हरइतकंच किंवा जास्त. आणि लघवी त्याच्या खाली साचते. एप्रिलमधल्या त्या वासाची कल्पना करा आणि मग मत द्या.

"मुळात कुत्रीच हाकला." या वाक्यावर ग्रुपवर सगळ्यांत जास्त अंगठे पडतात, म्हणून कायद्याचं सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री ज्या भागातून उचलली तिथेच परत सोडायची असं आहे. रेबीज झालेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री त्याला अपवाद. नोव्हेंबर 2025 चा आदेश शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा जागांबद्दल आहे. सोसायटीचं अंगण त्या यादीत नाही. आणि 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत 20 वा नियम सरळ सांगतो की परिसरातल्या प्राण्यांना खाणं देण्याची सोय लावून देणं हे रहिवासी संघटनेचं काम आहे. खाण्याची जागा जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब हवी, हेही त्यातच आहे. म्हणजे कुत्र्यांना घाबरणाऱ्यांची काळजीसुद्धा नियमाने घेतली आहे. ती घ्यायलाच हवी. लहानपणी कुत्रं चावलेलं माणूस जन्मभर बिचकतं, त्याला 'प्रेमाने बघा' असं सांगून भागत नाही. बी विंगच्या मागचा कोपरा खाण्यासाठी ठरवला, तर मुलांच्या घसरगुंडीपाशी कुत्री जमणार नाहीत. त्यासाठी तो कोपरा कुत्र्यांना आवडेल असा हवा, म्हणजे सावली, माती, पाण्याचं भांडं. पेव्हर टाकून तोच कोपरा तुम्ही तापवणार आहात.

खर्चाचंही बोलू. पेव्हरचा खर्च एकदाच, हे ठेकेदार सांगतो. खचल्यावर परत बसवायचा खर्च तो सांगत नाही. दूर्वेला दरवर्षी थोडं काम लागतं: पावसानंतर कुदळीने किंवा दाताळ्याने भोकं पाडून दबलेली माती मोकळी करणं, मोकळ्या ठिगळांत काड्या खोचणं, कापणी. कमिटीतल्या लोकांवर आधीच कामं कमी नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून शनिवारी सकाळी एक तास मी येते. अजून चार जण आले तरी पुरे. कुत्री पाळणाऱ्यांनी आधी यावं, ही माझी विनंती आणि थोडासा आग्रहही.

आणखी एक. ठराव करण्याआधी सेक्रेटरींनी इमारतीचा मंजूर नकाशा काढून ती जागा त्यात काय दाखवली आहे ते सभेत वाचून दाखवावं. मोकळी जागा, मनोरंजनाचं मैदान म्हणून दाखवलेली असेल तर तिथे काय करता येतं आणि काय नाही हे आधी विचारून घेतलेलं बरं. नंतर नोटीस आल्यावर पेव्हर उखडायचा खर्चही मेंटेनन्समधूनच जाणार आहे.

माझा प्रस्ताव साधा आहे, तो उद्या लेखी देणार आहे. सभेने पेव्हरचा ठराव एक पावसाळा पुढे ढकलावा. गाड्या फिरतात आणि वयस्कर मंडळी चालतात तिथे पक्की, न घसरणारी वाट करावी, त्याला माझा विरोध नाही. मागच्या वर्षी चिखलात घसरून ए विंगच्या आजोबांचं मनगट मोडलं होतं, ते मी विसरलेले नाही. उरलेल्या मातीच्या अर्ध्या भागात या जूनमध्ये दूर्वा लावू द्या. गणपतीपर्यंत वेळ द्या. तोपर्यंत जमीन झाकली गेली नाही, तर सप्टेंबरच्या वार्षिक सभेत पेव्हरच्या बाजूने पहिला हात मी वर करेन.

आणि धरली तर चतुर्थीला दूर्वा विकत आणायची गरज नाही. जाळीच्या आतल्या, कुत्री न पोचलेल्या भागातून घ्या म्हणजे झालं!

रविवारी संध्याकाळी सहाला सभा आहे. आमच्या सोसायटीतल्यांनी प्लीज खाली उतरा, ग्रुपवर अंगठा देऊन घरी बसू नका. बाकी टिटवाळेकरांनो, तुमच्या सोसायटीत कुत्र्यांसोबत कोणती झाडं टिकली आणि कोणती गेली ते कमेंटमध्ये लिहा. आणि दुसरं काही नाही केलंत तरी चालेल, पण आज खाली उतरून गेटपाशी सागो पाम आहे का तेवढं बघून या.